सहा आकडे आणि आमचं फाटक

पोटच्या मुलीने फोनवर मदत मागितली आणि मी तिला 'तू माझी मुलगी नाहीस' असं सांगून फोन ठेवला. माझं काहीही चुकलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अमरावतीतल्या आमच्या गल्लीत आणि अकोल्याच्या माझ्या सासुरवाडीत या घटनेची जी आवृत्ती फिरते आहे, तिच्यात मी मूर्ख ठरतो. माझ्या आवृत्तीत ठरत नाही.

माझी मुलगी प्रज्ञा इंजिनिअर झाली आणि तिने संगणक सुरक्षेत एम.टेक. करायचं ठरवलं. मी जमीन मोजणीच्या खात्यात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. मोजल्याशिवाय पाऊल टाकत नाही. चौकटीच्या मोठ्या कागदावर मी अकरा कॉलेजं मांडली. घरापासून अंतर किती, वसतिगृह किती पावलांवर, शिकवणारे किती, त्यातले टिकणारे किती. तिने त्यातल्या एकावरच बोट ठेवलं.

"बाबा, मले हेच पाहिजे. हा विषय नीट शिकवणारं हेच एक हाय."

माझ्या तक्त्यात ते नववं होतं! तरी मोठ्या मनाने मी होकार दिला. अट एकच, अर्जावर मोबाइल नंबर माझा. गॅस, रेशन, वीज, बायकोचं बँकेचं खातं, सगळीकडे माझाच नंबर असताना एकट्या एम.टेक.लाच वेगळा कशाला?

"पण बाबा, अर्ज माझा आहे ना!"

"आणि तू कोणाची आहेस?" मी विचारलं. विषय संपला. (हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे मलाच नडला.)

आता आमच्या फ्रिजवरच्या कागदाविषयी. महिनाभर आधी प्रज्ञाने माझी परीक्षा घेतली होती, तीही न सांगता. तिच्या एका मैत्रिणीने 'वीज कापली जाईल' म्हणून मला फोन केला आणि मी तिला ओटीपी सांगून मोकळा झालो. वर 'धन्यवाद मॅडम' असंही म्हणालो. आठ रात्रींची जेवणं त्या 'धन्यवाद मॅडम'वर निघाली. मग प्रज्ञाने फ्रिजवर दहा नियम लिहून चिकटवले. नियम चौथा: ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, कोणालाही म्हणजे कोणालाही. नियम सातवा: आवाजावर विश्वास ठेवू नका, आता मशीन हुबेहूब आवाज काढते. नियम नववा: समोरचा घाई करत असेल तर तो ठग समजा.

मी ते दहाही नियम तोंडपाठ केले. पुन्हा हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

पुढच्याच महिन्यात प्रज्ञा मूळ कागदपत्रं आणायला अकोल्याच्या तिच्या जुन्या कॉलेजात गेली. दुपारी चार वाजून चौतीस मिनिटांनी माझ्या मोबाइलवर एक ओटीपी आला. पस्तिसाव्या मिनिटाला फोन आला. नंबर अनोळखी.

"बाबा, मी प्रज्ञा! लवकर ओटीपी सांगा!"

मी खुर्चीत ताठ झालो. चौथा, सातवा, नववा. एका वाक्यात तीन नियम मोडले होते!

"कोण बोलून राहिलं?"

"प्रज्ञा, बाबा! माझा मोबाइल बंद पडला, मी कॉलेजच्या बाबूच्या फोनवरून बोलून राहिली. यादी लागली, माझं नाव आलं. पाच वाजेपर्यंत जागा पक्की नाही केली तर ती खालच्याले जाते. पुन्हा वर्षभर थांबा!"

"प्रज्ञा आहेस ना? मग सांग, जन्मली तेव्हा तुझं वजन किती होतं?"

"काय?"

"वजन!"

"अडीच किलो! बाबा, सांगा ना!"

"दोन किलो सहाशे चाळीस ग्रॅम," मी म्हणालो. "तू माझी मुलगी नाहीस."

तिकडून रडण्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातून बायको धावत आली.

"अहो, पोरगी रडून राहिली! काय विचारते ते सांगा न तिले!"

"मशीन रडण्याचाही आवाज काढते. सातवा नियम!"

"अन् अडीच तर मलेही वाटते!"

"तुलाही?" मी तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं आणि फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर तो नंबरच बंद करून टाकला.

अंगात असा संताप भरला होता की घरात बसवेना. एका गरीब बापाला त्याच्या मुलीच्या आवाजात लुटायला निघाले होते! मी फाटकात आलो. समोर निवृत्त वानखडे सर आणि भातकुलीहून भाजी आणणाऱ्या शांताबाई मेथीच्या जुडीवरून वाद घालत होत्या.

"सर, पाहून राहिले काय जमाना आला! भरदिवसा फसवणूक!"

"काहून, काय झालं?"

मी घडलेलं सगळं सांगितलं. सर म्हणाले, "पण खरंच ओटीपी आला होता काय?"

माझ्या सचोटीवर शंका! मी मोबाइल वर धरला.

"हा पहा! पाच, शून्य, तीन, नऊ, एक, आठ!"

आता आमच्या खात्यात आकडा एकदा सांगून भागत नाही. शेताच्या एका टोकाहून साखळी धरणारा आकडा ओरडतो, दुसऱ्या टोकाचा तो परत ओरडून म्हणतो, तेव्हाच तो वहीत चढतो. सत्तावीस वर्षांची सवय.

"म्हणा!" मी सरांना म्हणालो.

"पाच, शून्य, तीन..." सर बिचारे म्हणू लागले.

"मोठ्यानं!"

"नऊ, एक..." सर अडखळले.

"आठ, भाऊ! आठ!" शांताबाई म्हणाल्या.

"बरोबर!" मी समाधानाने म्हणालो. पुरावा तीन तोंडांनी पक्का झाला होता.

मागे ओसरीत बायको तिच्या मोबाइलवर बोलत उभी होती. मला वाटलं, भावाशी बोलत असेल. तिचं वाक्य मात्र स्पष्ट ऐकू आलं, "बाबाले विचारायची गरज नाही, बाई. तुझा बाप फाटकात उभा राहून तेच ओरडून राहिला. लिहून घे... शेवटी आठ. शांताबाईनं सांगितलं."

मी वळेपर्यंत माझ्या मोबाइलवर संदेश वाजला: 'अभिनंदन! आपली जागा निश्चित झाली आहे.' चार वाजून त्रेचाळीस मिनिटं.

सर माझ्याकडे पाहत होते. शांताबाईंनी मेथीची एक जुडी न मागता माझ्या हातात ठेवली. सांत्वनाची असावी.

रात्री प्रज्ञा घरी आली. मी दवाखान्याचं जुनं कार्ड शोधून तयारच बसलो होतो. २६४० ग्रॅम! शाईत लिहिलेलं! ते तिच्यापुढे ठेवलं.

तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि पोट धरून हसली.

"म्हणजे बाबा, मले नाही सांगितलं, अन् गल्लीले सांगितलं?"

"चौथ्या नियमात 'सांगायचा नाही' लिहिलं आहे," मी म्हणालो. "मी सांगितला नाही. मी पुरावा म्हणून वाचून दाखवला."

आता ती त्या नवव्या क्रमांकाच्या कॉलेजात आहे. पहिल्याच आठवड्यात तिथल्या सरांनी वर्गात विचारलं म्हणे, कुठल्याही भक्कम व्यवस्थेला भोक कुठे असतं? एकीने सर्वांत सविस्तर उत्तर दिलं. त्यात आमच्या फाटकाची रुंदीसुद्धा होती. (साडेचार फूट सांगितली. खरी चार फूट सात इंच आहे.)

सगळ्या अर्जांवर आता प्रज्ञाचा स्वतःचा नंबर आहे. मला ओटीपी येतो तो फक्त गॅसचा. तरी शांताबाई रोज सकाळी फाटकाशी गाडी थांबवून विचारतात, "भाऊ, आज नंबर नाही आला काय?"

परवा आला होता. पण मी आता पक्का झालो आहे. काही म्हणजे काही सांगितलं नाही.

फक्त किती आकडी होता आणि शेवटी काय होतं, तेवढंच.