हिरव्या दोन ठिपक्यांची बाहुली

आयव्ही टॅम्सला चहाला बोलावणं म्हणजे संकट. बाई कप उचलायची, उलटा करायची आणि तळाचा कारखान्याचा शिक्का वाचायची. बर्स्लेममध्ये, इंग्लंडातल्या ह्या चिनीमातीच्या गावात, ही खोड आम्हा सगळ्यांनाच आहे, पण एका मयताच्या चहाला हिने भरलेला कप उलटा केला! पाद्रीबाबांची विजार भिजली.

"अगं, निदान पिऊन तरी घ्यायचा होतास!" मी म्हटलं.

"पिईपर्यंत दम कुणाला आहे, ऑलिव्ह?"

आमच्या कारखान्यात चिनीमातीच्या बाहुल्यांचे चेहरे रंगवण्यात आयव्हीचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी शेजारच्या बाकावर त्यांचे झगे रंगवायची. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हुकुमाने रंगीत माल सगळा परदेशी जायचा आणि घरी आमच्या नशिबी पांढऱ्या बशा. अठ्ठेचाळीस साली तशीच परदेशी गेलेल्या एका बाहुलीत आपण घोळ घातलाय, ती फुटली की वाचली एवढं कळायला हवं, असं आयव्ही सारखी म्हणायची. घोळ कसला, ते मात्र सांगेल तर शपथ! आयव्हीने रंगवलेल्या बाहुलीच्या तळाशी तिची खूण असायची, हिरवे दोन ठिपके. चाळीस वर्षं ही बया बाजारोबाजार बाहुल्या उलट्या करत हिंडली.

आणि अठ्ठ्याऐंशी साली, टाऊन हॉलमधल्या संग्राहकांच्या बाजारात, एक कॅनडाची बाई बाहुली छातीशी धरून उभी!

"बदकू, जरा उलटी कर गं तिला!"

"बदकू?" बाई चपापली.

"आमच्यात मेयरलाही बदकूच म्हणतात," मी म्हटलं. "करा हो उलटी!"

हिरवे दोन ठिपके! आयव्ही अशी किंचाळली की अख्खा हॉल वळला. बाहुली सरळ केली, तर काय! हिच्या जातीच्या सगळ्या बाहुल्या मान खाली घालून लाजतात. हिच्या ओठाचा एक कोपरा वर गेलेला, आता फिस्सकन हसणार अशी.

"मुकादमीण फोडेल म्हणून चांगल्या मालात दडवली होती गं हिला," आयव्ही म्हणाली.

"ही माझ्या आईची. आमचे बाबा बोटीवर गेले ते परतलेच नाहीत," बाई सांगू लागली. "आई हिच्याकडे बघून म्हणायची, ही हसतेय तोवर आपण रडायचं नाही. पण ही हसतेय कशाला, ते तिला मरेपर्यंत कळलं नाही."

आयव्हीने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या भवानीने मुकादमिणीची नक्कल केली, आणि माझा ब्रश सरकला."

बाई माझ्याकडे वळली.

"मग करून दाखवा ना," ती म्हणाली. "ही कशाला हसतेय, ते आईला फार बघायचं होतं."

कंबरेवर हात ठेवून, भर टाऊन हॉलमध्ये, रडत रडत मी ती नक्कल केली.