जे रडणं मी रडलोच नाही

अकोल्यातल्या एका क्लासवाल्याने माझ्या पोरीला फसवलं, आणि तेही माझं नाव घेऊन. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी इथे पोरीचं कौतुक करायला बसलोय असं कोणाला वाटायला नको.

आम्ही चांदूर बाजार सोडलं तेव्हा टेम्पोत खाट, कूलर, पिठाचा डबा आणि वैशूची पुस्तकं होती. वैशू माझी एकुलती एक. दहावी झालेली, डॉक्टर व्हायचं म्हणून अकोल्याच्या क्लासला निघालेली. माझी आई ओट्यावरून खाली उतरलीच नाही. तिथूनच म्हणाली, "लेकीले शिकवाले नेऊन राहिला तू, बाजारात उभी कराले नाही. ध्यानात ठेवजो." मला राग आला. मी बैलांचा दलाल. दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरत मोठा झालो आणि स्वतःच्या शब्दावर घर उभं केलं. तो धंदा आईनेच तोंडावर मारावा? अमरावतीला थांबलो तेव्हा वैशूने आपला गिला वडा संपवला, माझ्या प्लेटीतलाही उचलला आणि टेम्पोवाल्याची नक्कल करून आम्हाला हसवलं. अशी पोरगी मी अकोल्यात आणली.

इथे आमच्या गल्लीत घरोघरी वरचा मजला पोरांना भाड्याने दिलेला आहे. सकाळी मेसचे डबे फिरतात, रात्री अभ्यासिकेच्या ट्यूबलाइटी. गावाकडे पोराला विचारतात, कोणाचा रे तू? इथे विचारतात, रँक किती? क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट, आणि सोमवारी मार्कांप्रमाणे बाकं बदलायची. मी आठवड्यातून एकदा बाजारासाठी चांदूरला जायचो. परत आलो की पोरगी थोडी आणखी आटलेली दिसायची.

दिवाळीपर्यंत वैशूचं हसणं बंद झालं. टेस्टच्या सकाळी ताट तसंच राहायचं. तळहात असे घामेजायचे की उत्तरपत्रिका ओली व्हायची. बायको म्हणायची, "घडीभर टेक वं माय." तर ती उत्तर द्यायची, "टेकू कशी? बाकीचे वाचून राहिले ना."

गावाकडून फोन यायचे. एक चुलतभाऊ म्हणाला, "झेपत नसन तर आना वापस. पोरीच्या जातीले काहून येवढा ताप?" मी म्हणालो, "तुह्या पोराले गावातल्या बँकेतली नोकरी झेपली नाही, ते पाह्य आधी." आणि फोन ठेवला. परत जाणार नव्हतोच. पण पोरीला अशीच वाळू देणारही नव्हतो.

आधी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी विचारलं, टॉनिक वगैरे? त्या म्हणाल्या, "आधी झोप. आणि श्वास सावकाश सोडायला शिकवा." वैशू शिकली, पण तोही टेस्टसारखाच. डोळे घट्ट मिटून, कपाळाला आठी घालून, जणू श्वासालाही मार्क होते.

तेव्हा मला माझा धंदा आठवला. गाडीतून नुकता उतरवलेला बैल शहाणा दलाल कधी गिऱ्हाइकापुढे नेत नाही. भ्यालेला बैल रवंथ करत नाही. त्याला पाणी दाखवायचं, सावलीत बांधायचं, जवळ उभं राहायचं, आणि काही म्हणजे काही मागायचं नाही. जबडा हलायला लागला की समजायचं, जनावर आता जागेवर आलं. मग सौदा. तो दुपट्ट्याखाली, हातात हात घालून, बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडाने कोणी बोलत नाही, चार लोक उभे असले तरी कोणाला कळत नाही. त्यात पहिली शिकवण एकच, हात ढिला सोड. ज्याचा हात ताठ, तो बोलण्याआधीच हरला.

एका संध्याकाळी गच्चीवर मी तिच्या शेजारी बसलो आणि माझा दुपट्टा आमच्या हातांवर टाकला. म्हटलं, "मले काही सांगू नको. किती भेव वाटून राहिलं, तेवढं दाब. थोडं असन तर एक बोट, लय असन तर पुरा पंजा."

"बाबा, मी का बैल हाय?"

"बैल असती तर आतालोक रवंथ केला असता."

ती खुदकन हसली. मग तिने माझा पंजा असा आवळला की माझी अंगठी रुतली. मी काही विचारलं नाही. खाली कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. बऱ्याच वेळाने पकड सैल झाली, आणि श्वास आपोआप लांब झाला.

मग ते रोजचंच झालं. आमचा बाजार गच्चीवर भरायचा. कधी दोन बोटं, कधी पंजा. ती जेवायला लागली. डुलकी लागली तरी दचकून उठेनाशी झाली. रविवार जवळ आला की मात्र पुन्हा पंजा. अशाच एका शनिवारी दुपट्ट्याखाली हात असताना तिने खाली बघूनच विचारलं,

"बाबा, तुमी सरापाशी रडले व्हते काय?"

"कोनं सांगतलं तुले?"

"सरनं. पयल्याच टेस्टनंतर, केबिनमंदी बलावून. म्हने, तुझा बाप माझ्यासमोर हात जोडून रडला. पोरगी मेडिकलला लागली नाही तर गावात तोंड दाखवणार नाही, म्हने."

मी रडलो नव्हतो. हात जोडले नव्हते. ॲडमिशनच्या दिवशी मी त्या माणसाशी फक्त फीवरून भांडलो होतो, ते साऱ्या ऑफिसने ऐकलं होतं. आणि माझी पोर इतके महिने माझं ते न रडलेलं रडणं पोटात घेऊन बाकावर बसत होती.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेलो. पोरांचे दोन-तीन बाप बाहेर बसले होते. तो माणूस मऊ आवाजात म्हणाला, "अहो काका, त्याला मोटिव्हेशन म्हणतात. सगळ्यांनाच सांगतो आपण. मुलं इमोशनल असतात, जोमाने अभ्यास करतात."

"सगळ्यांनाच?"

"टेस्ट सिरीज फ्री करून देतो वैष्णवीला. विषय संपवू."

मी आयुष्यभर सौदे केले, हा नाही केला. खोड असलेला बैलही मी विकला असेल, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी त्याने न दिलेला शब्द कधी घातला नाही. मी म्हणालो, "माह्या पोरीसमोर सांग, तू खोटं बोलला म्हनून." तो म्हणाला, शिस्त बिघडेल.

क्लास सोडला, अकोला नाही. वैशू आता घरीच अभ्यास करते आणि वाटलं तर अभ्यासिकेत जाते. संध्याकाळी पुस्तक मिटते. लागेल की नाही, मला माहीत नाही. परवा टेम्पोवाल्याची नक्कल पुन्हा करून दाखवली, आणि सोबत माझीही. चांदूरवाल्यांनो, तुम्ही म्हणता, घर सोडून काय मिळवलं? माझं घर आता या दोन खोल्या आणि ही गच्ची आहे. इथे पोरगी भ्यायली तर भ्याले म्हणते, आणि बापाला काय वाटतं ते बापालाच विचारते.

आणि जे आमच्यासारखेच पोरं घेऊन निघालेत, मग अकोल्याला असोत नाही तर आणखी कुठे, त्यांनी आज पोराजवळ बसावं आणि विचारावं, माझ्या नावाने तुला कोणी काय सांगितलंय? कोणी खरंच रडलं असेल तर तेही त्याने स्वतःच्याच तोंडाने सांगावं.

राहिला तो केबिनमधला माणूस. माफी मला नको, ती ठेव तुझ्यापाशी. रविवारी टेस्टच्या आधी सगळ्या बाकांसमोर उभा राहा आणि एकेका पोराचं नाव घेऊन सांग, तुझा बाप रडला नव्हता. कोणत्या रविवारी सांगतोस, बोल.