आण्णाच्या वहीचं शेवटचं पान

सकाळी फोनवर आण्णा म्हणाला होता, "ठीक हाय गं." दुपारी मिरजेहून वहिनीचा फोन आला, आण्णा गेला. मी उंब्रजच्या घरी भाकरी थापत होते. गॅस बंद केला आणि तशीच पिठाच्या हातांनी बसून राहिले... दीड महिना झाला त्याला.

आण्णा माझा थोरला भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन आलेला आणि काहीही दुखलं तरी 'ठीक हाय' म्हणणारा. त्यामुळे जठराचा कॅन्सर कळला तोच यकृतात पसरल्यावर. मिरजेच्या डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. नेहमीची औषधं लागू पडत नव्हती. दोन नवी औषधं एकत्र देऊन बघायची चाचणी चालू होती, पण गुण येईलच असं नाही. आण्णाने कागद दोनदा वाचून सही केली. सोबत एक वही मिळाली. उलटी, ताप, दुखणं, पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट त्यात रोज लिहायची.

मी मात्र दीडशहाणी! त्याच्याकडे मुक्कामाला राहून जतकडच्या एका वैद्याचा काढा त्याला रोज पाजू लागले. "हे लिवू नगंस," असंही बजावलं. बहिणीचा शब्द त्याला मोडवला नाही.

पुढच्या खेपेला रक्ताच्या तपासणीत यकृत बिघडलेलं दिसलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नव्या औषधाचाच त्रास दिसतोय. दुसरं काही घेत नाही ना?" मी मान खाली घातली. खरं सांगितलं तर चाचणीतून नाव कटायची भीती होती.

"बाई, औषधावर आळ नगो. मी काढा पितोय," आण्णा म्हणाला.

बाहेर येऊन मी त्याच्याशी कडाकडा भांडले. तो शांतपणे म्हणाला, "शाले, पहाऱ्यावरच्यानं खोटं 'सब ठीक' कळवलं, तर मागनं येणारी मरत्यात. ह्ये औषध माज्यामागं आनी कुणाला तरी द्यायचं हाय."

काढा बंद झाला. रक्त सुधारलं, नाव राहिलं. पुढे पाच महिने त्याने एक दिवस चुकवला नाही. चोरून खाल्लेला पेढासुद्धा लिहिला. मग गाठी पुन्हा वाढल्या.

वही इस्पितळात जमा करण्याआधी वहिनीने मला शेवटचं पान दाखवलं. त्याच सकाळचं. अक्षर वाकडं, खाली हुद्द्यासकट सही.

'पाणी दोन चमचे. जेवण नाही. दुखतंय. लय दुखतंय.'

आणि मला त्याच सकाळी फोनवर म्हणाला होता, ठीक हाय गं.