डोळ्याच्या पडद्यातली वीज

फॉर्मलिनचा वास आला की मला वाशीमच्या कॉलेजातली ती संध्याकाळ आठवते. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, एकीतली वीज थेट दुसरीत जाते, असं सरांनी शिकवलं होतं आणि मला ते जाळं बघायचंच होतं. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्यांच्या चार डोळ्यांपैकी तीन डोळ्यांचे पडदे माझ्या हातून फाटले. "पोरी, कायले हट्ट करून राह्यली? रिठदची शेवटची एस.टी. निघून जाईन," प्रयोगशाळेतले काका म्हणाले. "जाऊ द्या काका. मले तो चौथा द्या," मी म्हटलं. तो पडदा मिठाच्या पाण्यात अख्खा तरंगला. निळा रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना फांद्या भिडवलेल्या पेशी दिसल्या, पण वीज काही दिसेना. ती मोजायचीच, असं मी तिथेच ठरवलं. पुढे बरीच वर्षं लागली, पण मोजली.