छोट्या लाईनचं पितळी स्टेशन

बातमी आली तेव्हा मी रायपूरच्या पंडरी बाजारात होते. पडद्याचं कापड घ्यायला गेले होते, दुकानदार लोखंडी मीटर लावून कापड मोजत होता आणि फोन वाजला. फोन सुनीलदादाचा, माझ्या चुलतभावाचा. "बेबी, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कसे?" तर म्हणाला, "ओसरीत बसून होते. चहा द्यायले गेलो त मान खाली..."  दुकानदारानं माझा चेहरा पाहिला आणि कापड न कापता घडी घातली. "दीदी, बाद में ले लेना," म्हणाला. मी स्कूटी काढली आणि गुढियारीला त्यांच्या घरी गेले. रस्ता कसा पार केला ते आजही आठवत नाही. या गोष्टीला आता दोन महिने होत आले.

मोठे बाबा म्हणजे सुनीलदादाचे वडील, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, देवराव. भंडाऱ्याकडचं गाव सोडून हे दोघे भाऊ तरुणपणी रायपूरला आले. माझे वडील रेल्वेत लागले आणि मोठे बाबा सिलतऱ्याच्या बाजूला एका ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्न मेकर झाले. वितळलेलं लोखंड रेतीच्या साच्यात ओततात, तो साचा उठवण्यासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो. तो नमुना करणारा तो पॅटर्न मेकर. धातू निवताना आकसतो, म्हणून नमुना नेमका तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून या लोकांकडे एक वेगळी पोलादी पट्टी असते, तिच्या रेघाच मुळात जराशा लांब आखलेल्या असतात. तिला म्हणतात श्रिंकेज पट्टी. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचे शंभर सेंटीमीटर म्हणजे खरे एकशे एक आणि वर पाच रेघा. मी शाळेत गणित शिकवते, तरी हे मला तीनदा समजावून घ्यावं लागलं. तिसऱ्यांदा ते वैतागून म्हणाले, "मास्तरीण कोणं केलं व तुले?"

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात नाही तर सुनांच्या कामात नाक खुपसतात. मोठ्या बाबांनी ओसरीत रंधा, पटाशी, कानशी मांडल्या आणि रायपुरातल्या जुन्या वास्तू बनवायला घेतल्या. वर्षाला एकच. सागवानाचा नमुना स्वतः करायचे आणि त्यावरून पितळेच्या एकवीस प्रती आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, साहू भैयांच्या लहानशा भट्टीत ओतून घ्यायचे. तळहातावर मावेल एवढा टाऊन हॉल, एवढासा घडी चौकातला घड्याळाचा मनोरा, एवढासा जयस्तंभ. या एकवीस प्रती कुणाला, तर रायपूर सोडून गेलेल्यांना. बदलीनं नागपूरला गेलेले, लग्न होऊन गोंदियाला गेलेल्या पोरी, पुण्यात नोकरीला लागलेली पोरं. दिवाळीत ही मंडळी घरी आली की मोठ्या बाबांकडून त्या वर्षीची वास्तू घेऊन जायची. अकरा वर्षांत अकरा झाल्या. लोकांनी त्यासाठी भिंतीत काचेची कपाटं करून घेतली. आमच्या वनितानं गोंदियाहून फोटो पाठवला होता, त्यात देव्हाऱ्यासारखी आरास आणि मधोमध टाऊन हॉल. मी एकदा म्हटलं, "मोठे बाबा, मले काहून नाही?" तर म्हणाले, "तू इथंच राह्यतं ना? गाडी काढ अन् जाऊन पाह. फुकट हाय."

मोजल्याशिवाय बनवायचं नाही हा त्यांचा नेम. फोटो पाहून करा म्हटलं की त्यांना राग यायचा. विटांची इमारत असली तर दहा थर पट्टीनं अचूक मोजायचे आणि मग जमिनीपासून छतापर्यंत थर मोजत जायचे, म्हणजे शिडी लागत नाही. लांबी मात्र टेपनं. जयस्तंभाच्या वेळी त्यांनी टेपचं एक टोक भर चौकात ट्रॅफिकच्या शिपायाच्या हातात दिलं आणि तो बिचारा दहा मिनिटं धरून उभा राहिला, शिट्टी तोंडात तशीच. वर मोठे बाबा त्यालाच रागावले, "सीधा पकडो भैया, ढीला छोड दिया तुमने!" एका कार्यक्रमवाल्यांनी पाहुण्यांना द्यायला टाऊन हॉल मागितला, पण वर झेंडा लावून आणि पायऱ्या जरा भव्य करून. मोठ्या बाबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. सुनीलदादा पुढे आठवडाभर धुसफुसत होता. मला मात्र त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

बारावी वास्तू ठरली होती छोट्या लाईनवरचं, म्हणजे नॅरो गेजवरचं, एक स्टेशन. आता तिथं ना रूळ आहेत ना स्टेशन. विटांची एक बसकी इमारत, पुढे कौलारू छप्पर, एक तिकीटखिडकी. मोठे बाबा आणि माझे वडील गावाकडून आले तेव्हा पहिली सहा वर्षं त्या स्टेशनामागेच भाड्यानं राहत. छोट्या गाडीच्या शिटीवर त्यांचा स्वयंपाक चाले. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, नवी नवरी म्हणून याच स्टेशनात उतरली होती. इमारत पाडणार असं कळलं त्या दुपारी मोठे बाबा धावत गेले आणि मापं घेऊन आले. एरवी ते तीन फेऱ्या करत, इथं एकच झाली. माणसं छपराची कौलं उतरवायलाच लागली होती. मापं वहीत राहिली, मधली वर्षं दुसऱ्या वास्तूंमध्ये गेली. गेल्या वर्षी एकदाचं त्यांनी सागवान कापलं, तीन महिने खपून नमुना केला, त्याला पिवळं वार्निश दिलं. आणि साहू भैयांकडे द्यायच्या आदल्या दिवशी ते वही घेऊन माझ्या शाळेत आले, थेट स्टाफरूममध्ये.

"बेबी, हे दहा थर म्या कोणत्या पट्टीनं मोजले?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि हसू आलं. आयुष्यभर खिशात श्रिंकेज पट्टी वागवलेला माणूस! त्या दिवशी घाईत हाताला कोणती पट्टी लागली ते त्यांना आठवत नव्हतं आणि वहीत लिहिलेलं नव्हतं. लांबी टेपची, ती पक्की. पण उंची श्रिंकेज पट्टीनं मोजली असेल तर तिच्या लांब रेघांमुळे आकडा कमी आलेला असणार आणि स्टेशन खऱ्यापेक्षा ठेंगणं होणार होतं. किती? पितळी वास्तूत एक मिलीमीटरहून जरासं जास्त. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं. मी म्हटलं, "मोठे बाबा, कोणाले दिसते ते?" त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली. दारापर्यंत जाऊन मागे वळले. "ते स्टेशन आता कुठंच नाही, बेबी. घडी चौक चुकला त लोक जाऊन पाह्यतीन, म्हणतीन देवराव चुकला. याले कोण पाह्यन? म्या जसं करीन तसंच ते राह्यन." मग मात्र मी हसले नाही. त्यांना वाटणारी भीती मला तेव्हा समजली. मोठी आईही गेलेली, भाऊही गेलेला, आणि त्यांचं स्टेशन आता या म्हाताऱ्याच्या हातून खोटं होऊन उरणार होतं.

त्याच दुपारी त्यांनी तिकीटखिडकीचंही माप घेतलं होतं. फळीची रुंदी चाळीस सेंटीमीटर. ती फळी कुठं सापडली तर दोन्ही पट्ट्या लावून पाहता येणार होत्या. साध्या पट्टीवर चाळीस भरली तर नमुना बरोबर, श्रिंकेज पट्टीवर भरली तर चूक. झालं, आमच्या रविवारांची वाट लागली. मी स्कूटीवर पुढे, सत्तरी ओलांडलेले मोठे बाबा मागे, दोन पट्ट्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर. रायपुरातला एक भंगारवाला आम्ही सोडला नाही. "तिकीट खिडकी? दीदी, पूरा स्टेशन चाहिए क्या?" असं एकानं विचारलं तर मोठे बाबा गंभीरपणे म्हणाले, "मिलेगा?" गुडघे दुखायचे, पण घरी चला म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायचे. तीन महिने गेले. आणि एका रविवारी, हात हलवत परत येताना, घरचं दळण आणायला मी आमच्याच पाऱ्यातल्या आटा चक्कीवर थांबले. चक्कीवाल्यानं पैसे घ्यायला एक लाकडी खिडकी बसवली होती, खाली हात घालायला अर्धगोल भोक. मी दळणाचा डबा हातात घेऊन नुसती पाहत राहिले... काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

चक्कीवाला म्हणाला, "हव, ओही आय. कबाडी ले लाए रहेंव." म्हणजे तीच ती, भंगारवाल्याकडून आणलेली. मोठ्या बाबांनी टॉवेल सोडला. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि मी ती फळीला लावली. साध्या पट्टीवर चाळीस आणि वर सहा रेघा. मग दुसरी लावली... बरोबर चाळीस. म्हणजे चूक झालेली होती. म्हणजे तीन महिन्यांचा नमुना वाया. मी त्यांच्याकडे बघायला घाबरत होते आणि हे पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशांत हसत होते. "सापडली ना, बेबी! चूक सापडली!" चक्कीवाल्याच्या पाठीवर त्यांनी अशी थाप मारली की पिठाचा ढग उठला. परीक्षेत पास झालेलं पोरगं एवढं खूश होत नाही. घरी येऊन त्यांनी आधी वही उघडली आणि त्या जुन्या मापांपुढे लिहिलं, "श्रिंकेज पट्टी." त्यानंतर वहीतल्या प्रत्येक मापापुढे ते पट्टीचं नाव लिहू लागले. दुसऱ्या दिवशी नवं सागवान कापायला बसले. हात साथ देत नव्हता, एका दिवसात होणाऱ्या कामाला चार दिवस लागायचे, तरी त्यांनी सुनीलदादाला कानशीला हात लावू दिला नाही. नमुना पूर्ण झाला आणि त्यानंतर पाचव्या दिवशी ते गेले.

त्यांच्या नावानं करायच्या पुण्यानुमोदनाच्या विधीचा दिवस ठरला. बाहेरगावची सगळी मंडळी येणार होती आणि प्रत्येकाचा फोनवर एकच प्रश्न, बारावी झाली का? त्या दिवशी विधीला येणाऱ्या भंतेजींच्या समोर सगळ्यांना स्टेशन द्यायचं असं सुनीलदादानं ठरवलं. त्याचं काही चूक नव्हतं. साहू भैयांनी इतर कामं बाजूला ठेवून एकवीस स्टेशनं ओतली, घासून चमकवली आणि आदल्या दिवशी आणून दिली. "दीदी, बहुत बढिया निकला है," म्हणताना त्यांचे डोळे भरले होते. खरंच सुरेख होती. मी त्यातलं एक उचललं आणि सहज ओसरीतल्या फळीकडे पाहिलं. तिथं कोऱ्या लाकडाचा, वार्निश न दिलेला नमुना जागच्या जागी होता. सुनीलदादानं भट्टीवर जुना, पिवळ्या वार्निशचा चुकलेला नमुना नेला होता. कोणीही तोच नेला असता, तोच पुरा झालेला दिसत होता. मी साधी पट्टी काढली. उंची ऐंशी मिलीमीटर भरायला हवी होती, अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडी भरली.

"बेबी, लोक येऊन राह्यले," सुनीलदादा म्हणाला. "कोण पट्टी घेऊन येनार हाय? बाबाच्या नावानं देऊन टाकू." खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. रात्रभर वाटत होतं. वनिता गोंदियाहून आजारी सासूला सोडून आलेली, पुण्याची पोरं एका दिवसाची रजा घेऊन आलेली. त्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं? पण ते एकवीस तुकडे एकवीस घरांत गेले असते, आणि तिथून ते परत कोण आणणार होतं? सकाळी वंदना झाली, भंतेजींची देसना झाली आणि मी उठून उभी राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं. स्टेशन तयार आहे पण ठेंगणं आहे, म्हणून आज मिळणार नाही, असं सांगितलं. पुण्याच्या एका पोरानं हिंदीतच विचारलं, "बुआ, एक एमएम के लिए?" वनिता तर माझ्याशी न बोलता गाडीला गेली. सुनीलदादानं ती एकवीस स्टेशनं पोत्यात भरली आणि साहू भैयांच्या भट्टीवर नेऊन दिली. तो माझ्यावर आठ दिवस रागावून होता आणि त्याचा राग मला मान्य आहे.

गेल्या आठवड्यात कोऱ्या लाकडावरून नवी स्टेशनं ओतून आली. मी ओसरीत त्यांच्या जागेवर बसले. सुनीलदादा समोर येऊन बसला आणि एकेक स्टेशन माझ्या हातात देत गेला. एकवीसच्या एकवीस ऐंशी भरली. मग मी वही उघडली. शेवटच्या पानावर मोठ्या बाबांच्या थरथरत्या अक्षरात नव्या नमुन्याची मापं होती, प्रत्येकापुढे पट्टीचं नाव. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं, "ओतल्यावर उंची ऐंशी. साधी पट्टी." लिहून झालं आणि सवयीनं मोठ्या बाबांनी तपासावी म्हणून वही पुढे केली... समोर सुनीलदादा होता. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा रडले.