पदराआडचा र

सौसर-पांढुर्णा बसमध्ये एक बाई रोज पदराआडून 'र' आणि 'ल' यांच्या मधलं काहीतरी घोळवत बसायच्या. त्यांच्या विहारात जपानचे भंतेजी येणार होते. त्यांची प्रार्थना टेपवर ऐकून त्यांच्याच उच्चारात म्हणायची, असं बाईंनी कंडक्टरला सांगितलेलं.

मी बसमधला हुकमी विदूषक. एका सकाळी तोंडाशी रुमाल धरून त्यांची हुबेहूब नक्कल केली. बस खदखदून हसली. बाई वळल्या. आता शिव्या बसणार म्हणून मी दांडा घट्ट धरला.

"भाऊ, टेपमंदी अस्साच येते! माही जीभ अडकून राहिली. पुन्हा एकडाव म्हणा ना."

पुन्हा म्हणायला गेलो, तर जीभ टाळूला चिकटली. पांढुर्णा येईस्तोवर बाई माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होत्या.