बियर व्हेज आहे का?

हा प्रश्न मी आजवर तीन शहरांतल्या बारमध्ये विचारला आहे. तिन्ही ठिकाणी कुणी ना कुणी हसलंच. तरी मी विचारत राहिलो, कारण या प्रश्नावर माझी सोलापुरातली खोली टिकून होती.

आमचं घर मंद्रूपचं. वडिलांची थोडी शेती आणि आठवडी बाजारात भुसाराचं लहान दुकान. घरी आम्ही कन्नड बोलतो, बाहेर मराठी. घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजला जाताना मुलाला काय सांगायचं, कशाची भीती घालायची, याचा कुणालाच अनुभव नव्हता. वडिलांचं म्हणणं साधं होतं: सोलापूर काही लांब नाही, रोज एसटीनं ये-जा कर. खोली कशाला हवी? पण आईनं, म्हणजे अव्वानं, माझी बाजू घेतली. तिनं वडिलांना सांगितलं, "पोरगा बिघडणार नाही, मी बघते." आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "तम्मा, मटण, मासे, अंडी तोंडाला लावायची नाहीत. एवढं एक वचन दे."

मी दिलं. आमच्या घरात लसणाचाही कधी कधी उपास असतो, त्यामुळे वचन द्यायला काही जड गेलं नाही. दारूचा विषय निघालाच नाही. तिच्या मनात शहरातला सगळ्यात मोठा धोका अंड्याचा होता. त्यापुढे तिची कल्पना गेलीच नव्हती.

सात रस्त्याजवळ एका गल्लीत मला खोली मिळाली. बी.एस्सी. झालं, एम.एस्सी. सुरू झालं, आणि वचन शाबूत राहिलं. केक घेतानासुद्धा मी विचारून घ्यायचो. वर्गातला माझा जवळचा मित्र सोलापूर शहरातलाच, वडील कारकून, घरात सगळं खाणारा. तो मला म्हणायचा, "काय बे, तू केक खातोस का केकची चौकशी करतोस?"

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं एका औषध कंपनीच्या मुलाखतीसाठी पुण्याला गेलो. मुलाखत बरी झाली, म्हणजे मला तरी तसं वाटलं. संध्याकाळी मित्राचा मावसभाऊ आम्हाला मुंढव्याकडे एका जागी घेऊन गेला. तिथे बियर बनवतात आणि तिथेच पाजतात, एवढंच त्यानं सांगितलं. मी बावीस वर्षांचा होतो, आणि तोवर बियरचा थेंबही घेतला नव्हता.

आत शिरल्यावर काचेच्या भिंतीमागे मोठमोठ्या चकचकीत टाक्या दिसल्या. मला आमच्या गावच्या दूध डेअरीची आठवण आली आणि थोडा धीर आला. एका फळीवर सहा लहान ग्लास मांडून आले. एक पिवळट गढूळ, एक तांबूस, एक काळा कुळकुळीत. मावसभाऊ म्हणाला, "ही क्राफ्ट बियर. फॅक्टरीतली नाही, थोडी थोडी बनवतात. चव घेत घेत प्यायची."

मी पिवळा ग्लास उचलला. तोंडापर्यंत नेला. आणि माझ्या तोंडून निघालं, "हे व्हेज आहे का?"

मित्र इतक्या जोरात हसला की शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वळवली. "लेका, बियरमध्ये काय बोकड घालतात का?"

मला वाटलं, जमिनीत शिरावं. तेवढ्यात गमबूट घातलेला एक माणूस आमच्यापाशी येऊन थांबला. तिशीचा असेल. तिथली बियर तोच बनवत होता. "कोणी विचारलं हे?" तो म्हणाला. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"बरोबर विचारलंत," तो म्हणाला. "काही देशांत बियर नितळ व्हावी म्हणून माशाच्या पोटातल्या फुग्याची पूड घालतात. गाळ पटकन खाली बसतो. आम्ही नाही घालत. आम्ही थंड करून ठेवतो, बसेल तेवढा गाळ आपोआप बसतो. आणि ही तुमच्या हातातली गव्हाची आहे, ती गढूळच प्यायची."

मित्रानं आपला ग्लास हळूच खाली ठेवला. मासे आवडीनं खाणारा तो, पण माशाचा फुगा ऐकून त्याचंही तोंड वाकडं झालं. आता हसायची पाळी माझी होती, पण मी हसलो नाही. मी विचारलं, "आणि यीस्ट? ते जिवंत असतं ना?"

"असतं," तो म्हणाला. "इडलीच्या पिठातपण असतंय की कायतरी जिवंत. इडली खाता ना?"

इडली मी खातो. तेव्हा मी घोट घेतला. पिकलेल्या केळ्याचा वास आणि मागून लवंगेसारखं काहीतरी. काळी बियर भाजलेल्या शेंगदाण्याच्या करपलेल्या टरफलासारखी लागली, आणि तांबूस तर पाडव्याला खायच्या कडुलिंबाइतकी कडू. ती मी सोडून दिली. पिवळी संपवली. फार चढली वगैरे नाही, पण रिक्षात बसल्यावर मला सगळी माणसं चांगली वाटत होती.

खरं सांगायचं तर मला बियरइतकंच त्या माणसाचं उत्तर आवडलं. वर्गात मी प्रश्न विचारत नाही. आपलं काहीतरी मूलभूतच चुकत असेल, बाकी सगळ्यांना हे घरूनच ठाऊक असेल, असं वाटत राहतं. इथे एका बारमध्ये मी विचारलं आणि एका माणसानं गमबुटात उभं राहून नीट उत्तर दिलं.

वचनाचा हिशोबही मी रात्रीच मनाशी मांडला. मटण नाही, मासा नाही, अंडं नाही. वचन मोडलेलं नाही. हिशोब बरोबर होता, तरी दुसऱ्या दिवशी अव्वाचा फोन आला तेव्हा मी मुलाखतीबद्दल जरा जास्तच बोललो.

सोलापुरात परत आल्यावर तशी बियर इथे मिळते का, हा शोध सुरू झाला. सात रस्त्याच्या बाजूच्या एका परमिट रूममध्ये आम्ही गेलो. वेटर वयस्कर, सगळे त्याला मामा म्हणत.

"स्ट्राँग का माइल्ड?" मामांनी विचारलं.

मी म्हणालो, "गव्हाची आहे का?"

"गव्हाची पोळी मिळंल. बियर इचारताव का पोळी?"

मित्रानं कपाळावर हात मारला. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मामांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "बियर व्हेजच की ओ. नॉनव्हेज चकना वेगळा मागवावा लागतो."

शेवटी ते आत गेले आणि फ्रीजच्या तळातून दोन बाटल्या घेऊन आले. कुणी पुण्याचं गिऱ्हाईक यायचं, त्याच्यासाठी मालकानं मागवल्या होत्या, गिऱ्हाईक यायचं बंद झालं आणि बाटल्या राहिल्या. मी बाटली फिरवून फिरवून हिरवा ठिपका शोधला. सापडला नाही. बारीक अक्षरात लिहिलं होतं: पाणी, जव, गहू, संत्र्याची साल, धने.

"धने?" मित्र म्हणाला. "मामा, फोडणी पण देता का?"

"द्यायची तर तेल आना," मामा म्हणाले आणि निघून गेले.

धन्यांनी माझा धीर वाढला, पण नितळ करायला काय वापरलं ते बाटलीवर कसं कळणार? मी तिथेच बसून कंपनीला मोबाईलवरून मेल केला. उत्तर येईपर्यंत प्यायची नाही असं ठरवलं आणि चकण्यातल्या खाऱ्या शेंगा खात बसलो. दोन्ही बाटल्या मित्रानं संपवल्या. "भावा," तो म्हणाला, "तू बियर पीत नाहीस. तू बियरची मुलाखत घेतोस. आणि पुण्यातल्या कंपनीपेक्षा चांगली घेतोस."

कंपनीचं उत्तर दोन-तीन दिवसांनी आलं. कोणताही प्राणिजन्य पदार्थ नाही, आणि चौकशीबद्दल आभार. तोपर्यंत मामांकडच्या बाटल्या संपल्या होत्या.

तिसरं शहर बेंगळुरू. आम्हाला तिथे एका विज्ञान परिषदेत आमच्या प्रकल्पाचं पोस्टर लावायचं होतं. पोस्टरसमोर फार कुणी थांबलं नाही. संध्याकाळी मित्र म्हणाला, "चल, तुझ्या प्रश्नाला नवीन शहर दाखवू."

तिथल्या बारमध्ये मला एक मोठी सोय होती. मी कन्नडमध्ये विचारू शकत होतो. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं आणि ती हसली. आधी मला वाटलं प्रश्नाला हसली, पण ती माझ्या कन्नडला हसत होती. "गावाकडचे का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, गाव महाराष्ट्रात आहे. ती आणखी हसली. मग आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, मासा नाही, काही नाही, निर्धास्त प्या. आणि तिनं चवीला म्हणून आंबट बियरचा एक लहान ग्लास पुढे ठेवला.

मी एक घोट घेतला आणि थांबलो. ही चव माझी होती. आंबट, किंचित खारट, धान्याचा वास असलेली. येळ अमावस्येची आंबील. आमच्याकडे त्या दिवशी सगळं घर शेतात जेवायला जातं. ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवून मडक्यात आंबवलेली आंबील अव्वा करते, आदल्या दिवसापासून.

तोपर्यंत मी बियर आणि अव्वा यांना दोन वेगळ्या गावांत ठेवलं होतं. आता ती थेट माझ्या टेबलावर येऊन बसली. मी मित्राला म्हणालो, "अव्वाला सांगावं का?"

"येडा हायस का बे? तुझे वडील उद्यापासून एसटीत बसवतील तुला."

तेही खरं होतं. पण मला एसटीची भीती कमी आणि दुसऱ्याच गोष्टीची जास्त होती. तिनं वडिलांसमोर माझा शब्द आपला म्हणून दिला होता. मी नुसता त्या शब्दाच्या कडेकडेनं चाललो होतो.

डिसेंबर सरता सरता येळ अमावस्या आली. मित्र हौसेनं आला. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारली होती, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड, पूजा झाली, वडिलांनी पिकाभोवती आंबील शिंपडली. मग पंगत. बाजरीचे वाफवलेले उंडे, सगळ्या भाज्या एकत्र केलेली भज्जी, शेंगांची पोळी. मित्र आंबिलीच्या प्रेमात पडला. तिसरा गिलास संपवून तो म्हणाला, "काकू, लई भारी. आमी बेंगळुरूला हेच तर पिलो."

अव्वा त्याच्याशी मराठीत बोलते. "तितं आंबील मिळती व्हय?"

मित्राचा हात उंड्यावर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी 'हो' म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. अव्वाला पटलंही असतं, बेंगळुरूबद्दल तिला काहीही पटतं.

मी कन्नडमध्ये म्हणालो, "आंबील नव्हती अव्वा. बियर होती."

मित्राला कन्नड येत नाही. तो एकदा माझ्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत भराभर जेवायला लागला.

अव्वा पळीनं मडकं ढवळत राहिली. वडील विहिरीकडे होते. तिनं विचारलं, "त्यात काय असतं?"

मी सगळं सांगितलं. जव, गहू, कडवटपणासाठी घालतात ती फुलं, यीस्ट. आणि माशाचा फुगा, आणि तो नसल्याची खात्री केल्याशिवाय मी घोट घेत नाही, हेही.

"खात्री कशी करतोस?"

"विचारतो. व्हेज आहे का म्हणून."

"दारूच्या दुकानात?"

"हो."

"मग काय म्हणतात?"

"हसतात."

"हसतीलच की." पळी थांबली. "मी अंड्यापर्यंतच पोचले होते बघ. पुढचं मला कुठं माहीत?"

मी म्हणालो, "याचंही वचन घे पाहिजे तर."

तिनं विचार केला. खरंच केला, भाव करताना करते तसा. "नको," ती म्हणाली. "घेतलं तर तू त्याच्याही बाजूनं वाट काढशील. शिकलास ना. त्यापेक्षा मला सांगत जा. आधी मला विचार, मग त्या दुकानदाराला."

"आणि तू नाही म्हणालीस तर?"

"तर बघू. मी कधी बेंगळुरू बघितलंय? तू सांगशील तेव्हा ना मला कळेल, नाही म्हणायचं का हो म्हणायचं."

विहिरीकडून वडिलांनी हाक मारली, "काय चाललंय तिकडं? वाढा की!"

"काही नाही," अव्वा ओरडून म्हणाली, "आंबील कशी करतात विचारतोय." मग माझ्याकडे न बघता हळूच, "खोलीचं मी बघते. पण यापुढं असली गणितं मांडत बसायचं नाही, कळलं? वचनात काय नव्हतं ते मोजत."

मी मान हलवली. तिनं माझा गिलास भरला. मित्राला आणखी हवी का विचारावं म्हणून वळलो, तर तो कोपीच्या सावलीत आडवा होऊन घोरत होता.

"ह्येला काय झालं?" अव्वानं मराठीत विचारलं.

"आंबील चढली," मी म्हणालो. तिनं मडक्यावर झाकण घातलं.